कोयनेचं पाणी सांडव्यातून 'वाया' का सोडतात, आणि मार्चमध्ये धरणात पाणी असून वीज का नाही? एका हायड्रोवाल्याचा हिशेब

प्रश्न विचारणारा कराडचा आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की ऑगस्टमध्ये कोयना भरली की सहाही दरवाजे उघडून पाणी वीज न करताच सोडून देतात, तेच पश्चिमेला कोकणातल्या पोफळीच्या वीजगृहाकडं वळवलं तर वीजही होईल आणि कराड-सांगलीचा पूरही टळेल, मग का करत नाहीत? दुसरं, उन्हाळ्याच्या तोंडावर धरणात ५०-६० टीएमसी दिसत असताना पोफळीचं जनरेशन कमी केल्याच्या बातम्या येतात, हा काय प्रकार? आणि शेवटी हळूच विचारलंय की भूकंपात धरण टिकेल ना.

मी हायड्रोत एकतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी सह्याद्रीच्या पोटात, ऑपरेशनला. त्यामुळं उत्तर लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी एक जुनी गोष्ट. आमच्या गावाकडं म्हातारी माणसं म्हणायची, "वीज काढून घेतलेलं पाणी ते, त्यात काय दम राहतोय, पिकाला चालत नाही." आम्ही इंजिनियर पोरं हसायचो. पाण्यातनं वीज काढत नाहीत, पाण्याच्या पडण्यातनं काढतात, पाणी होतं तसंच राहतं वगैरे समजवायचो. नंतर पाच-सहा वर्षं नोकरी झाली तेव्हा कळलं की म्हातारं कारण चुकीचं सांगत होतं पण तक्रार बरोबर होती. कोयनेच्या बाबतीत वीज केलेलं पाणी शेताला खरंच मिळत नाही, कारण ते नदीत परतच येत नाही, डोंगराच्या पलीकडं कोकणात जातं. तुमच्या पहिल्या दोन्ही प्रश्नांची मुळं इथंच आहेत.

नदीचं चालणं बघा. महाबळेश्वरला उगम, तिथनं पूर्वेला उतरायचं सोडून ही बाई सह्याद्रीच्या धारेला चिकटून सरळ दक्षिणेला चालते, तापोळा, बामणोली करत साठ-पासष्ट किलोमीटर, आणि मग हेळवाकला एकदम पूर्वेला वळून पाटणवरनं कराडला कृष्णेला मिळते. आपल्याकडच्या बहुतेक नद्या घाटमाथ्यावरनं निघाल्या की तडक पूर्व धरतात, ही मात्र इतका वेळ कड्याच्या कडेकडेनं चालते. म्हणजे धरण जिथं आहे तिथनं पश्चिमेचा कडा अगदी जवळ, आणि कड्याखाली कोकण. देशावर नदीत पाणी सोडलं तर ते हळूहळू उतरत जाणार, पण डोंगराला भोक पाडून पश्चिमेला सोडलं तर एका दमात ४७५ मीटर खाली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून लोकांचा डोळा या जागेवर होता तो यासाठी.

आता आकडे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, साधारण २ कोटी ८३ लाख घनमीटर पाणी. हे एक टीएमसी पोफळीच्या ४७५ मीटरवरनं पाडलं आणि मशीनची एफिशियन्सी ८८ टक्के धरली तर सव्वातीन कोटी युनिटच्या आसपास वीज होते. तेच पाणी खाली कोळकेवाडीच्या तलावात अडवून, कोयना प्रकल्पाच्या चार टप्प्यांपैकी तिसऱ्या टप्प्यात आणखी ११० मीटर पाडलं की अजून पाऊण कोटी. म्हणजे पश्चिमेला गेलेला प्रत्येक टीएमसी चार कोटी युनिट देऊन जातो. आणि तेच एक टीएमसी धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातनं पूर्वेला नदीत सोडलं तर तिथं पडायला मिळतात सत्तर मीटर, तेही तलाव किती भरलाय त्यावर, म्हणजे पंचेचाळीस लाख युनिटच्या आसपास. चार कोटी कुठं आणि पंचेचाळीस लाख कुठं. जवळपास नऊपट. आम्ही कंट्रोल रूममध्ये थट्टेनं म्हणायचो की पूर्वेचं पाणी चिल्लर आणि पश्चिमेचं नोट.

मग सगळंच पश्चिमेला का नाही? कारण पाणी कृष्णा खोऱ्याचं आहे आणि खोऱ्यात तीन राज्यं (आता चार) बसलीयत. कृष्णेच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या बच्छावत लवादानं कोयनेतनं पश्चिमेला वळवायचं पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी असं बांधून दिलं. हा आकडा कोयनेतल्या प्रत्येक माणसाला स्वतःच्या जन्मतारखेसारखा पाठ असतो. वर्ष कॅलेंडरचं नाही, १ जून ते ३१ मे, त्याला तांत्रिक वर्ष म्हणतात. १ जूनला खातं नवीन, आणि वर्षभर शिफ्टच्या लॉगबुकात किती पाणी गेलं, किती उरलं हे टीएमसीच्या दुसऱ्या दशांशापर्यंत लिहिलं जातं.

तर तुमचा मार्चचा प्रश्न इथंच सुटला. धरणाची एकूण क्षमता १०५.२५ टीएमसी, तुम्हाला पेपरात दिसतात ते ५०-६० टीएमसी, पण ते सगळं वीजवाल्यांचं नाही. पश्चिमेच्या कोट्यातले समजा बारा-पंधरा उरले असतील तर तेवढेच ३१ मेपर्यंत पुरवायचे. बाकीचं पाणी पूर्वेचं, सिंचनाचं आणि पिण्याचं. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजना कृष्णेतनं पाणी उचलून दुष्काळी भागात नेतात, उन्हाळ्यात कृष्णेत पाणी येतं कुठनं, तर बरंचसं कोयनेतनं. पायथ्याच्या वीजगृहातली दोन्ही मशीन चालवली की २,१०० क्युसेक (क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) जातं, कमी पडलं तर वरनं आपत्कालीन दरवाजातनं आणखी सोडतात, आणि त्या वरच्या पाण्यावर एक युनिटही वीज होत नाही, आमच्या जिवाला लागायचं पण इलाज नसतो. बँकेत आईच्या नावावर पैसे आहेत म्हणून पोरानं काढायचे नसतात, तसंच. कधी विजेची फारच ओढ असली तर शासन जादा पाण्याला मंजुरी देतंही, पण ते एरवीचं नाही, अपवाद.

आणि उरलेला कोटा चोवीस तास मशीन चालवून संपवत नाहीत हेही लक्षात घ्या. हायड्रोचं खरं काम दिवसभर वीज देणं नाहीच. कोळशाचं युनिट थंड असेल तर तापवून ग्रिडशी, म्हणजे विजेच्या जाळ्याशी, जुळवायला तासन्‌तास जातात, हायड्रोचं मशीन काही मिनिटांत ग्रिडवर येतं. चौथ्या टप्प्यातली अडीचशे-अडीचशे मेगावॅटची चार मशीन बांधलीच मुळात मागणी टिपेला जाते त्या तासांसाठी, सकाळी आणि संध्याकाळी लोड वर चढतो तेव्हा धावायचं, उतरला की बंद. कळव्याहून लोड डिस्पॅचचा, म्हणजे राज्यात कुणी किती वीज करायची हे ठरवणाऱ्या केंद्राचा, फोन यायचा, "कोयना, दोनशे चढवा," आणि आपण चढवायचं, दहा मिनिटांनी "शंभर उतरवा," उतरवायचं. ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं लोकांनी दिवे घालवले होते आठवतंय? देशाची मागणी काही मिनिटांत तीस हजार मेगावॅटच्या वर पडली आणि परत चढली. ती सांभाळली देशभरातल्या हायड्रोवाल्यांनी, कोळशाच्या बापाला जमलं नसतं. म्हणून दुपारी तीनला पोफळी थंड दिसली म्हणजे कोणी झोपलंय असं नाही, सातसाठी पाणी राखलंय.

आता पुराचा प्रश्न, तो खरा मोठा. इथंसुद्धा आधी हिशेब करू.

कोयनेचं पाणलोट क्षेत्र ८९२ चौरस किलोमीटर. त्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर, जमीन पिईल ते सोडून, तीन टीएमसीच्या थोडं वर पाणी होतं. नवजाला, महाबळेश्वरला जुलैत एका दिवसात अडीचशे-तीनशे मिलिमीटर पडणं यात बातमी काहीच नाही, तिथली माणसं त्याला नुसता "जोर आहे आज" म्हणतात. म्हणजे दिवसाला आठ-नऊ टीएमसी आत. क्युसेकमध्ये बोलायचं तर आवक एक लाख क्युसेक असेल तर चोवीस तासांत ८.६४ टीएमसी होतात, दोन्ही हिशेब जुळतात बघा.

आता पश्चिमेला किती घालवू शकतो ते बघा. पोफळीचा पहिला-दुसरा टप्पा मिळून ६०० मेगावॅट, त्याला फुल लोडवर लागतं पाच हजार क्युसेकच्या आसपास. चौथा टप्पा १,००० मेगावॅट, त्याला आठ-नऊ हजार. सगळी मशीन, एकही मेंटेनन्सला नाही असं धरून, चोवीस तास फुल चालवली तरी चौदा हजार क्युसेक, म्हणजे दिवसाला सव्वा टीएमसी. आत येतंय साडेआठ. बादलीखाली नळ पूर्ण सोडलाय आणि तुम्ही स्ट्रॉनं पाणी ओढताय. बोगदे मोठे करा असं कोणीतरी म्हणेलच, तर वर्षातल्या चार-सहा दिवसांसाठी सहापट बोगदे कोण खोदणार, आणि खोदले तरी ते पाणी खाली जाणार कुठं? खाली वाशिष्ठी. आणि कोयनेला ज्या दिवशी तीनशे मिलिमीटर पडतो त्या दिवशी कोकणात काय ऊन असतं का? जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा कोळकेवाडीच्या पाण्यावरनं केवढा वाद झाला तो आठवा. सांगलीचा पूर चिपळूणला पाठवायचा हा तोडगा नाही, पत्ता बदलणं झालं.

मग तुम्ही म्हणाल, जुलैतच धरण रिकामं ठेवा, ऑगस्टच्या पुराला जागा राहील. हे म्हणणं चुकीचं नाही, आणि यावर धरणवाल्यांची दर वर्षी झोप उडते. तारखेगणिक पातळी किती असावी याचं वेळापत्रक असतं, आरओएस म्हणतात, जुलैअखेर इतकी, ऑगस्ट मध्यावर इतकी. त्यापेक्षा पातळी वर गेली की दरवाजे थोडे थोडे उचलायचे. पण हे वेळापत्रक गेल्या पावसांवरनं बनतं, आणि यंदाच्या पावसानं ते वाचलेलं नसतं. २०१९ ला सोडलं नाही म्हणून शिव्या पडल्या, सांगलीला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५ आहे. आणि २०२३ ला धरण पूर्ण भरलंच नाही. त्या वर्षी कोणी जुलैत दहा टीएमसी 'पुरासाठी जागा' म्हणून सोडले असते तर एप्रिलमध्ये टेंभूच्या शेतकऱ्यानं काय केलं असतं हे मी सांगायला नको. माझं वैयक्तिक मत, हवामानाचा तीन दिवसांचा अंदाज आता बऱ्यापैकी धरता येतो, त्याच्या जोरावर पाऊस येण्याआधी, नदी खाली रिकामी असताना सोडायची हिंमत पूर्वीपेक्षा जास्त दाखवायला हवी. दाखवतायतही हळूहळू. पण पाणी सोडलं आणि पाऊस आला नाही तर सही करणाऱ्याची चौकशी होते, नाही सोडलं आणि पूर आला तर निसर्गाचा कोप म्हणून निभावतं, हे जोवर असंच आहे तोवर माणूस कुठल्या बाजूला झुकणार तुम्हीच सांगा. शिवाय सांगलीला येणारं पाणी एकट्या कोयनेचं नसतं, कृष्णा स्वतः, वारणा, आणि धरणांच्या खालच्या मोकळ्या पाणलोटातलं, ज्याला कुठलाच दरवाजा नाही. अलमट्टीचं भांडण वेगळं, त्यात मी पडत नाही.

वायाच्या शब्दावर अजून एक. सांडव्यातनं गेलेलं पाणी विजेच्या दृष्टीनं गेलं हे खरं, पण ते खाली नदी धुऊन काढतं, विहिरी भरतं. उलट पश्चिमेला जाणारं ६७.५ टीएमसी वीज करून झाल्यावर वाशिष्ठीतनं दाभोळच्या खाडीला मिळतं, त्यातलं थोडंफार चिपळूणकडं वापरलं जातं, बाकी समुद्र. ते मुंबईला न्यायच्या योजना मी नोकरीला लागल्यापासून ऐकतोय. वाया कुठलं ते ठरवा आता.

जरा आत नेतो तुम्हाला, कारण बाहेरनं धरण सगळे बघतात, पण पोफळीचं वीजगृह डोंगराच्या पोटात आहे आणि ते फार जणांनी पाहिलेलं नसतं. बोगद्यातनं गाडी आत जाते, बाहेर धो धो पाऊस असला तरी आत कोरडं आणि गरम, कानात एकच घूं असा आवाज, तो नवीन माणसाला डोकं उठवतो आणि जुन्याला तो बदलला की झोपेतनं जाग येते. शिवसागराचं, म्हणजे कोयनेच्या तलावाचं, पाणी नवजाकडनं पावणेचार किलोमीटरच्या बोगद्यातनं येतं, मग उभ्या-तिरप्या प्रेशर शाफ्टमधनं खाली. पहिल्या दोन टप्प्यांना पेल्टन टर्बाइन आहेत, म्हणजे चाकाला वाट्या लावलेल्या असतात आणि नोझलमधनं पाण्याचा झोत त्या वाट्यांवर आपटतो. ४७५ मीटरवरनं आलेल्या झोताचा वेग सेकंदाला नव्वद-पंच्याण्णव मीटर, ताशी सव्वातीनशे किलोमीटरच्या वर. त्या झोतात काठी घातली तर मोडेल असं नाही, हातातनं कुठं गेली ते दिसणारही नाही.

लोकांना वाटतं चालू करणं अवघड असेल. अवघड आहे ते थांबवणं. समजा ग्रिडवर काही झालं आणि मशीनचा लोड क्षणात गेला. चाक आता मोकळं, झोत चालूच, स्पीड भडकणार. नोझल झटकन बंद करावं तर मागं बोगद्यात लाख टनाच्या घरातलं पाणी चालत असतं, ते एकदम अडवलं तर पाइप फाडेल. म्हणून झोताच्या तोंडाशी एक लोखंडी पातं असतं, डिफ्लेक्टर, ते पहिल्यांदा झोत वाटीवरनं बाजूला ढकलतं, आणि मग नोझल सावकाश मिटतं. वर सर्ज टँकमध्ये, म्हणजे असा दाब झेलायला बोगद्याला जोडलेल्या उभ्या टाकीत, पाणी चढून उसळतं, उतरतं, परत चढतं, बराच वेळ हिंदोळे घेत बसतं. ट्रिपिंग झाल्यावर पोरं पॅनेलकडं धावायची, आमचे एक जुने फोरमन मात्र आधी सर्जची लेव्हल विचारायचे. "मशीन पडली ती पडली, डोंगर काय म्हणतोय बघा."

शटडाउनला वाट्यांची तपासणी हे माझं आवडतं काम. चाक थांबलेलं, ठिबकणारं पाणी, टॉर्च तिरपी धरायची म्हणजे बारीक चीर सावलीनं दिसते, मग चीर दाखवणारा रंग (डाय) मारून खात्री करायची. वाटीच्या मधली जी धार असते ती बोटानं चाचपायची, बोथट झाली की झोत नीट फुटत नाही आणि एफिशियन्सी घसरते. आपल्याकडं सुख एवढं की सह्याद्रीचं पाणी स्वच्छ, पाणलोटात जंगल आहे, पुढं तर व्याघ्र प्रकल्पच झाला, त्यामुळं गाळ कमी. हिमालयात मी एका प्रोजेक्टवर दोन पावसाळे काढले, तिथं नदी क्वार्ट्झची रेती घेऊन येते, टर्बाइनचं नवं चाक (रनर) एका सीझनमध्ये उंदरांनी कुरतडल्यासारखी. तिथं गाळ ठरावीक आकड्याच्या वर गेला की मशीनच बंद ठेवतात. कोयनेत काम केलेल्या माणसाला ते बघून रडू येतं.

चौथ्या टप्प्याचं लेक टॅपिंगही सांगतो, कारण त्याचं अप्रूप अजून आहे. भरलेल्या तलावाला खालनं भोक पाडायचं होतं, तलाव रिकामा न करता. बोगदा खोदत खोदत तलावाच्या तळाखाली यायचं, शेवटी थोडासा खडक बुचासारखा ठेवायचा, खाली दगड पडायला खड्डा करायचा आणि ते बूच एकाच स्फोटात उडवायचं. १३ मार्च १९९९ ला ते झालं, आशियात पहिल्यांदा. २०१२ च्या एप्रिलमध्ये दुसरं केलं, आणखी खालच्या पातळीचं, म्हणजे तलाव उतरला तरी पाणी घेता यावं. तंत्र नॉर्वेचं, हात आपले.

आता भूकंप. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं. साडेसहाच्या आतबाहेरचा धक्का, कोयनानगर आडवं झालं, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धरण डिझाइन करताना भूकंपाचा जो गुणांक धरला होता तो ०.०५ जी (जी म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा त्वरण), कारण हा भाग तेव्हा स्थिर समजला जायचा, आणि प्रत्यक्षात धरणातल्या यंत्रानं नोंदवलं त्याच्या दहा पटीच्या आसपास. तरीही धरण उभं राहिलं. वरच्या भागात, जिथं मागचा उतार बदलतो तिथं, आडव्या भेगा पडल्या, पण पाणी धरून ठेवलं. नंतर सांडवा सोडून बाकीच्या भागाला मागून काँक्रीटचे टेकू देऊन १९७३ पर्यंत मजबूत केलं, सांडव्याचा भाग २००६ ला. आज तुम्ही खालच्या बाजूनं धरण बघता ते १९६४ ला पूर्ण झालं तेव्हापेक्षा बरंच जाड आहे.

तलावामुळं भूकंप होतात का, तर शास्त्रज्ञ आता बहुतेक होच म्हणतात, म्हणजे तलाव भूकंप 'बनवत' नाही, खडकात आधीच ताण साठलेला असतो, पाण्याचं वजन आणि भेगांमधनं झिरपणारं पाणी त्याला ढोसतं. पातळी फार झपाट्यानं चढली तर लक्ष ठेवतात. पुढं वारणेचं धरण झालं आणि हालचाल दक्षिणेकडंही सरकली. याचा अभ्यास करायला त्या भागात तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय, कराडला त्याची प्रयोगशाळा आहे, तुमच्या गावातच, जाऊन या. आम्हाला छोटे धक्के नेहमीचे. गंमत म्हणजे वर कॉलनीत पत्रे खडखडायचे, बायकापोरं अंगणात यायची, घरनं फोन यायचा "जाणवला का?" आणि आत गुहेत आम्हाला पत्ताही नसायचा, टेबलावरचा चहा जागचा हललेला नसायचा.

टिकेल का या प्रश्नाला इंजिनियर 'शंभर टक्के' म्हणत नसतो, पण तेवढा धक्का खाऊन उभं राहिलेलं आणि नंतर दोनदा मजबूत केलेलं धरण आहे, मी त्याच्या खाली पोरंबाळं घेऊन बावीस वर्षं राहिलो आणि रात्री झोपलो. न झोपलेली माणसं वेगळी आहेत, ज्यांची गावं शिवसागराच्या तळाशी गेली ती. बामणोलीवरनं वासोट्याला लाँचनं जाता ना, उन्हाळ्यात पाणी उतरलं की कडेला बांधांच्या रेघा दिसतात, ती शेतं होती. त्यांच्यातल्या कित्येकांची पोरं-नातवंडं अजून जमिनीच्या सातबाऱ्यासाठी कलेक्टर कचेरीच्या पायऱ्यांवर बसतात. सव्वातीनशे किलोमीटरच्या झोताचं कौतुक सांगताना मला ते आठवतंच.

वीजगृह बघायला मिळेल का असंही कोणीतरी खाली विचारलंय. सहज नाही, परवानगी लागते, कॉलेजच्या पत्रावर ग्रुप जातात. कुंभार्ली घाटानं उतरलात तर पोफळी वाटेतच आहे. पावसाळ्यात जाऊ नका, घाटात दरडी येतात, आणि आतल्या माणसांना तेव्हा तुमच्याशी बोलायला वेळ नसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरला जा, संध्याकाळी सहाच्या सुमारास आत असाल असं बघा. तेव्हा लोड चढायला लागतो.